31 क्रूस, 55 थडगी : मारियानाच्या सुधारशाळेचं प्रकरण

जानेवारी 1941. मध्य फ्लोरिडातल्या ऑबर्नडेल गावचं एक गरीब कुटुंब मागून आणलेल्या गाडीतून मारियानाला निघालं होतं. मारियाना राज्याच्या वायव्य पट्ट्यात, दिवसभराच्या अंतरावर. तिथल्या सरकारी सुधारशाळेत त्यांचा 14 वर्षांचा मुलगा होता, जॉर्ज ओवेन स्मिथ. गाण्याबजावण्याचा नाद असलेलं पोर. घरातून पळालं, चोरीच्या गाडीत सापडलं आणि सुधारशाळेत रवाना झालं. तिथून त्याचं घरी पत्र आलं होतं, ‘पळालो होतो, धरून आणलं, जे मिळायचं ते मिळालं’ अशा अर्थाचं. पुढे पत्रं थांबली. आईनं अधीक्षकांना लिहिलं, तर उत्तर आलं की तो कुठे आहे हे आम्हालाही कळलेलं नाही. आईनं कळवलं, मीच येते. ती निघण्याआधीच निरोप आला : मारियानात एका घराखाली मुलाचं प्रेत सापडलं आहे.

आम्ही पोचेपर्यंत त्याला ठेवा, असं आईनं कळवलं होतं. ते पोचले तेव्हा दफन उरकलेलं होतं. प्रेत ओळखण्यापलीकडे गेलं होतं, धुलाईसाठी कपड्यांवर घातलेल्या खुणेवरून ओळख पटवली, असं त्यांना सांगण्यात आलं. घराखाली शिरला असेल, थंडीनं न्यूमोनिया झाला असेल. मग ताज्या मातीचा एक उंचवटा दाखवला. त्यावर ना नाव, ना पाटी.

ओवेनची 12 वर्षांची धाकटी बहीण हे सगळं बघत होती. पुढे ती पोलीस खात्यात गेली. भावाला शोधून घरी आणीन, असा शब्द तिनं आईवडिलांना दिला होता. तो पाळायला 2014 साल उजाडलं.

बालगृहांत आणि निरीक्षणगृहांत काम करणाऱ्या आमच्या लोकांपुढे मी हे प्रकरण नेहमी ठेवते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतकी वर्षं हे कुणाला कळलं कसं नाही? कळलं होतं. पहिल्या 3 वर्षांतच कळलं होतं, आणि नंतर दर थोड्या वर्षांनी पुन्हा पुन्हा कळत राहिलं. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश बघायला हवं.

शेतावरची शाळा ही कल्पना

बिघडलेल्या, टाकलेल्या मुलांना शहराच्या गल्लीबोळांतून उचलून शेतावर न्यायचं, ही एकोणिसाव्या शतकाची लाडकी कल्पना. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेत्रे इथे 1839 मध्ये फ्रेदेरिक-ओग्युस्त दमेत्झ यांनी मुलांची शेतकी वसाहत काढली. माणसानं जमीन सुधारावी आणि जमिनीनं माणूस, असं त्या विचाराचं सूत्र होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं 1848 मध्ये वेस्टबरो इथे मुलांची सरकारी सुधारशाळा उघडली. मग ओहायोनं लँकेस्टरजवळ ‘रिफॉर्म फार्म’ सुरू केलं. तिथे एका मोठ्या तुरुंगवजा इमारतीऐवजी मुलांसाठी छोटी छोटी घरं होती.

या कल्पनेची चेष्टा करावी असं मला वाटत नाही. त्या आधी काय होतं ते आठवून बघा. फ्लोरिडात कैदी ठेकेदारांना भाड्यानं देत, आणि त्यांत मोठ्यांच्या जोडीनं लहान मुलंही राबत. त्या मुलांना तिथून काढणं हे पुण्याचंच काम होतं. 1897 मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळानं सुधारशाळेचा कायदा केला. त्याची भाषा आजही मनाला लागते. ही जागा केवळ शिक्षेची नसावी, मुलाला वाईट संगतीपासून दूर ठेवून त्याच्या शरीराची, बुद्धीची आणि मनाची मशागत व्हावी, हातात हुन्नर घेऊन तो समाजात परत यावा, असा त्याचा आशय होता.

त्याच 1897 साली आपल्याकडे ब्रिटिश सरकारनं सुधारशाळांचा नवा कायदा आणला. त्यात 15 वर्षांखालच्या मुलग्यांना 3 ते 7 वर्षं सुधारशाळेत ठेवता येई. 14 वर्षं पूर्ण झालेल्याला परवान्यावर एखाद्या ‘विश्वासू’ माणसाच्या किंवा कामावर घेणाऱ्याच्या ताब्यात देता येई. मुंबईत तर डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 पासूनच होती. श्रम, हुन्नर आणि शिस्त यांनी मूल वळणावर येतं, ही श्रद्धा तेव्हा सगळीकडेच होती. एखादी जागा सुधारशाळा राहते की दुसरंच काही होते, हे मात्र रोजच्या कारभारात ठरतं.

मारियानाची शाळा 1 जानेवारी 1900 रोजी उघडली. आवार वाढत वाढत 1,400 एकरांपर्यंत गेलं. शेती, गुरं, डुकरं, वीटभट्टी, छापखाना असं सगळं होतं. मुलं राबत आणि संस्था चाले. गोऱ्या मुलांची आणि काळ्या मुलांची आवारं वेगळी होती, आणि ही फाळणी 1968 पर्यंत टिकली. येणाऱ्यांत चोरी-मारामारी केलेली मुलं होती. शाळा बुडवणारी, घरातून पळणारी, ‘ऐकत नाही’ एवढ्याच तक्रारीवर आणलेली मुलंही होती. ज्यांना जायला दुसरी जागाच नव्हती, अशी अनाथ मुलंही त्यातच. गुन्हा केलेला आणि गुन्हा झालेला असे दोघे एकाच पंगतीत बसलेले. यातली काही पोरं इतकी लहान होती की वाचणाऱ्याचा हात थबकतो. 1918 मध्ये 6 वर्षांच्या एका मुलाला घरकामासाठी बाहेर दिलं होतं. तो परत आला तो बेशुद्ध, आणि दगावला.

कळलं, पुन्हा कळलं

1903 मध्येच विधिमंडळाच्या समितीला इथे मुलं बेड्यांत सापडली, सराईत गुन्हेगारांसारखी. शाळा उघडून जेमतेम 3 वर्षं झाली होती. पुढच्या 10 वर्षांत आणखी चौकशा झाल्या, अहवाल लिहिले गेले, माणसं बदलली गेली.

18 नोव्हेंबर 1914 च्या पहाटे वसतिगृहाला आग लागली. दारांना कुलपं होती आणि जबाबदार अधिकारी गावात मौजमजेला गेले होते. मुलं जळून मेली, त्यांना काढायला धावलेले कर्मचारीही गेले. किती गेले, याचे आकडे मात्र वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळे आहेत. सरकारी संस्थेत, सरकारी कुलपाआड मुलं जळतात आणि त्यांची एक यादी जुळत नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच. पट्ट्याच्या माराची वर्णनं अंगावर येतात, पण ज्या संस्थेला आपली मेलेली मुलं मोजता येत नाहीत, तिथे पुढे काय होणार हे 1914 मध्येच दिसत होतं. 4 वर्षांनी इन्फ्लुएन्झाची साथ आली. पुन्हा मृत्यू, पुन्हा कच्च्या नोंदी.

1929 मध्ये आवारात सिमेंटची एक छोटी इमारत उभी राहिली. मुलं तिला ‘व्हाइट हाउस’ म्हणत. कधी ‘आइस्क्रीम फॅक्टरी’ही म्हणत. मारहाण तिथे व्हायची. आत मोठा कारखान्यातला पंखा होता, तो चालू केला की त्याच्या घरघरीत ओरडणं बाहेर जात नसे. मुलाला खाटेवर पालथं पाडत, गजाला धरायला सांगत, उशीत तोंड खुपसायला लावत, आणि लाकडी मुठीच्या जाड चामडी पट्ट्यानं मारत. बाहेर रांगेत उभी असलेली मुलं फटके मोजत. वाचलेल्यांनी म्हातारपणी दिलेल्या जबान्यांत हा मोजण्याचा उल्लेख वारंवार येतो. आपली पाळी येईपर्यंत आधीच्याला किती बसले, हे ती मोजत होती.

मग कुणी बोलत का नव्हतं? इथे कारभाराची एक बारीक कळ आहे, ती समजून घ्या. शाळेत मुलांना पायऱ्या होत्या. खाली नवखा, मग एक्सप्लोरर, पायोनियर, पायलट, आणि सगळ्यात वर ‘एस’, म्हणजे एक्का. वर चढला की सुटका जवळ. चुकला की खाली. म्हणजे घरी कधी जायचं ते न्यायाधीशाच्या हातात नसून रोज डोळ्यांपुढे असणाऱ्या कर्मचाऱ्याच्या शेऱ्यावर होतं. पट्टा त्यांच्याच हातात आणि चाव्याही त्यांच्याच. अशा वेळी 13 वर्षांचं पोर तपासणीला आलेल्या साहेबापुढे काय बोलेल? साहेब संध्याकाळी निघून जातो, पोर तिथेच राहतं.

दुसरं कारण गावात होतं. शाळा मिळावी म्हणून मारियानाकरांनी जमीन आणि पैसा देऊ केला होता. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या घरांची चूल शाळेच्या पगारावर पेटली. बाप तिथे, मुलगा तिथे, जावई तिथे. त्या सगळ्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे, पण मला ते खरं वाटत नाही. आपल्या माणसाविरुद्ध बोलणं गावात जड जातं, आणि आत कोंडलेली मुलं त्यांच्यापैकी कुणाचीच नव्हती.

1958 मध्ये हे अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे गेलं. शाळेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ यूजीन बर्ड यांनी शपथेवर सांगितलं की मुलांना सामुदायिक फटके दिले जातात. राजधानीत, नोंदवून घेतलेली साक्ष. फटके तरीही 10 वर्षं चालू राहिले. 1968 मध्ये राज्यपाल क्लॉड कर्क स्वतः शाळा बघायला गेले आणि हादरून परतले. त्याच वर्षी शारीरिक शिक्षा बंद झाली. ही शाळा एकेकाळी देशातली सगळ्यात मोठी अशी संस्था होती, आणि आदल्याच वर्षी तिला आर्थर डोझियर या अधीक्षकांचं नाव दिलं गेलं होतं.

पट्टा गेला, पण तेवढ्यानं भागलं नाही. 1982 च्या तपासणीत मुलांचे हातपाय मागे एकत्र बांधून ठेवल्याचं आणि त्यांना आठवडेच्या आठवडे एकटं कोंडल्याचं आढळलं. खटला झाला, 1987 मध्ये तडजोड झाली. 30 जून 2011 रोजी शाळा बंद झाली तेव्हा राज्यानं खर्चाची अडचण सांगितली. केंद्रीय न्याय खात्याचा तिथल्या हालांवरचा अहवाल त्यानंतर, डिसेंबरमध्ये आला.

बूट हिल

शाळेची दफनभूमी ‘बूट हिल’ काळ्या मुलांच्या आवारात, झाडीच्या कडेला होती. तिथे पाइपचे बनवलेले, पांढरे रंगवलेले 31 क्रूस ओळीनं उभे होते. ते मृत्यूंच्या वेळचे नव्हते. खूप नंतर अंदाजानं रोवलेले होते, आणि कुठल्या क्रूसाखाली कोण याची नोंद कुठेच नव्हती.

2008 मध्ये म्हातारे झालेले माजी विद्यार्थी पुढे आले. ‘व्हाइट हाउस बॉइज’ हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव. ऑक्टोबरमध्ये सरकारनं व्हाइट हाउसला समारंभपूर्वक कुलूप ठोकून पाटी लावली, डिसेंबरमध्ये राज्यपाल चार्ली क्रिस्ट यांनी राज्याच्या तपास यंत्रणेला चौकशीचा आदेश दिला. यंत्रणेनं 31 क्रूसांचा हिशेब 31 थडग्यांशी जुळवून दिला. मारहाणीबाबत निष्कर्ष निघाला : इतक्या वर्षांनी पुरेसा पुरावा नाही, कुणावर आरोप नाहीत.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमर्ली यांनी इथून पुढचं काम हाती घेतलं. त्यांच्या पथकानं जमिनीत लहरी सोडणारं रडार फिरवलं, जुनी कागदपत्रं चाळली, नातेवाईक शोधले. 2012 च्या अखेरीस त्यांनी अहवाल दिला : किमान 50 थडगी असावीत, आणि नोंदींतून शंभराच्या आसपास मृत्यू दिसतात. थडगी उघडायची परवानगी मात्र राज्य सरकारच्या एका खात्यानं नाकारली. शेवटी ऑगस्ट 2013 मध्ये राज्यपाल आणि मंत्रिमंडळानं ती दिली.

पथकानं हातानं, कुंचल्यांनी, थर थर काढत खोदलं. वर्ष संपेपर्यंत 55 थडगी सापडली. क्रूसांच्या जागेत त्यातली फक्त 13 होती. उरलेली 42 बाहेर, झुडपांत, रस्त्याखाली, एका मोठ्या तुतीच्या झाडाखाली. शवपेट्यांचे खिळे मिळाले, कड्या मिळाल्या, पट्ट्याची बक्कलं, गुंड्या. आणि एका मुलाच्या खिशातली दगडी गोटी.

या गोटीशी मी दर वेळी थांबते. ज्याला पुरलं त्याचे खिसेही कुणी बघितले नव्हते. कपड्यासकट, खिशातल्या खेळासकट मातीत लोटून दिलं. 55 हा आकडा वाचताना मन कोरडं राहू शकतं. गोटी म्हटली की तो मुलगा होतो.

पुरलेल्यांत काळी मुलं गोऱ्यांच्या कितीतरी पट होती. जी संस्था जिवंतपणी मुलांना रंगावरून वेगळं करत होती, तिच्या विस्मरणालाही तोच रंग होता. ओळख पटलेल्यांत अर्ल विल्सन हा 12 वर्षांचा काळा मुलगा आहे. 1944 मध्ये तो इतर मुलांबरोबर एका छोट्या कोंडवाड्यात होता, तिथेच मेला. खुनाची शिक्षा झाली ती त्याच्याबरोबर कोंडलेल्या 4 मुलांना. त्याच सुमारास ओळख पटलेला दुसरा थॉमस व्हार्नाडो, वय 13. 1934 मध्ये आला आणि महिना-सव्वा महिन्यात गेला. कागदावर न्यूमोनिया.

कागदावरचा न्यूमोनिया खोटाच होता, असं मी म्हणणार नाही. त्या काळी न्यूमोनियानं मुलं मरत. उपाशी, मार खाल्लेली, थंडीत पळणारी मुलं तर लवकर मरत. मृत्यूचं कारण आणि मृत्यूची जबाबदारी हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि आमच्या खात्याच्या फॉर्मवरही पहिलाच रकाना भरला जातो. आमच्याकडे मूल पळालं की नोंदवहीत ‘पलायन’ असा शेरा पडतो आणि पुढचं पान उलटतं. का पळालं, आदल्या आठवड्यात काय झालं होतं, त्याच्याशी शेवटचं कोण बोललं, यासाठी त्या पानावर जागाच नसते. हे मी स्वतः अनेक नोंदवह्यांत बघितलं आहे आणि एकेकाळी स्वतः तसंच लिहिलंही आहे. मारियानाचं प्रकरण वाचल्यापासून तसं लिहायला हात धजत नाही. प्रशिक्षणाला आलेल्यांनाही मी एवढंच सांगते की त्या शेऱ्याखाली स्वतःच्या अक्षरात 4 ओळी लिहा, मग सही करा.

2016 च्या अंतिम अहवालात 7 जणांची ओळख डीएनएवरून पक्की आणि आणखी 14 जणांची परिस्थितीवरून ठरलेली होती. 2017 मध्ये फ्लोरिडाच्या दोन्ही सभागृहांनी माफी मागितली. 2024 मध्ये वाचलेल्यांसाठी 2 कोटी डॉलरचा निधी मंजूर झाला. तो इथल्या आणि ओकिचोबीच्या तशाच शाळेतल्या, 1940 ते 1975 दरम्यान तिथे राहिलेल्यांसाठी. अर्जदार 900 हून अधिक निघाले आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 21 हजार डॉलर आले. बहुतेकजण सत्तरी ओलांडलेले होते.

डीएनएवरून सगळ्यात आधी ओळख पटली ती ओवेन स्मिथची, ऑगस्ट 2014 मध्ये, बहिणीच्या नमुन्याशी जुळवून. तो उथळ खड्ड्यात, पेटीशिवाय, नुसत्या कापडात गुंडाळलेला, घाईघाईनं पुरलेला होता. बहिणीनं नंतर सांगितलं की एका मुलानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं : ओवेनला मी शेवटचं बघितलं ते शेतातून धावताना, आणि मागून माणसं बंदुका झाडत होती. हाडांवरून मृत्यूचं कारण ठरवता आलं नाही.

बहीण तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती. तिनं भावाला ऑबर्नडेलला नेलं आणि आईवडिलांशेजारी पुरलं.